लुटुपुटीच्या लढाईची खरी निकड

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगरीची वीज गेली. लोकलगाड्या रुळांवर जागच्या जागी उभ्या राहिल्या, महासाथीच्या ऐन भरात रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला आणि काही उपनगरांतील नागरिकांना विजेसाठी रात्रीपर्यंत वाट पाहावी लागली. बाहेरची वीज तुटली तरी शहराला वेगळे काढून तगवून धरणारी ‘आयलँडिंग’ची व्यवस्था मुंबईपाशी गेली कित्येक दशके आहे, त्या दिवशी तीही उपयोगी पडली नाही. यंत्रे बिघडतात, तारा तुटतात, आणि एवढ्या मोठ्या पसाऱ्यात असा दिवस कधीतरी उगवणारच, असे म्हणून हा प्रसंग सोडून देता आला असता. परंतु साडेचार महिन्यांनी त्याला जी पुरवणी जोडली गेली, तिच्यामुळे तो विसरणे शहाणपणाचे ठरणार नाही.

२०२१ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या अमेरिकी संस्थेने आपला अहवाल प्रसिद्ध केला. भारतातील वीज-नियंत्रण केंद्रांच्या संगणकांत चीनशी संबंधित गटाने शिरकाव केल्याच्या खुणा आपणांस आढळल्या, असे तिने म्हटले. मात्र मुंबईतील अंधाराशी त्या शिरकावाचा संबंध सिद्ध झालेला नाही, असेही तिनेच नमूद केले. पुढच्याच दिवशी, १ मार्च रोजी, राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी ‘महाराष्ट्र सायबर’च्या प्राथमिक अहवालाचा आधार देऊन घातपाताची शक्यता जाहीरपणे बोलून दाखविली, वीज मंडळाच्या संगणकांत १४ ‘ट्रोजन हॉर्स’ सापडल्याचा उल्लेख त्यात होता. त्यानंतर लगेच तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी सांगितले की, हा प्रकार मानवी चुकीचा होता, हल्ल्याचा नव्हे. चीनने आरोप नाकारला. एकाच घटनेची अशी दोन निदाने दोन सरकारांनी देशापुढे ठेवली आणि सामान्य नागरिकाने आपापल्या पक्षाच्या कलाप्रमाणे त्यांतील एक पत्करले.

या दोन निदानांपैकी खरे कोणते, याचा निवाडा करण्यास आम्ही येथे बसलेलो नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. घरात चोरी झाली की माणूस विसरून वस्तू दुसरीकडे ठेवून आला, एवढेही ज्या घरधन्याला साडेचार महिन्यांनी निश्चित सांगता येत नाही, त्याच्या घरात चोर आला नसला तरी त्याची स्थिती चोर आल्यासारखीच आहे. बिघाड कोणता आणि कावा कोणता हे ओळखण्याची असमर्थता हीच आपल्या यंत्रव्यवस्थेची खरी दुर्बलता होय. आणि ती दूर करण्याचा जो मार्ग जगातील प्रयोगशाळांनी चोखाळला आहे, त्याकडे सुशिक्षित समाजाने आणि राज्यकर्त्यांनी जितके लक्ष द्यावयास हवे तितके अद्याप दिलेले नाही. हा मार्ग म्हणजे बंदिस्त प्रयोगशाळेत खऱ्याच पंपांवर, खऱ्याच झडपांवर आणि खऱ्याच नियंत्रक संगणकांवर लुटुपुटीचे हल्ले करून पाहणे, त्या वेळी यंत्रे कशी वागली याची क्षणाक्षणाची नोंद ठेवणे, आणि त्या नोंदींवरून यंत्राच्या वागण्यातील वावगे ओळखण्याची विद्या सिद्ध करणे.

हे नियंत्रक संगणक म्हणजे कार्यालयातील टेबलावरचे संगणक नव्हेत. जलशुद्धीकरण केंद्रात टाकीची पातळी किती, पंप केव्हा सुरू करावयाचा, तुरटी व क्लोरीन किती सोडावयाचे, हे संवेदकांच्या वाचनावरून ठरविणारी लहान यंत्रे तेथे बसविलेली असतात, आणि त्या सर्वांचा हालहवाल एका पडद्यावर ऑपरेटरला दिसत असतो. कार्यालयातील संगणकात चोर शिरला तर कागद जातात. येथे शिरला तर पाणी, वीज आणि प्रसंगी माणसे जातात. शिवाय येथील चोर पडद्यालाही खोटे बोलावयास लावू शकतो. इराणमधील नतान्झ येथील अणुकेंद्रावर जो ‘स्टक्सनेट’ नावाचा बदमाश प्रोग्रॅम सोडण्यात आला होता आणि जो २०१० मध्ये उघडकीस आला, त्याने नेमके हेच केले. आधी टिपून ठेवलेली सुरळीत वाचने तो पडद्यावर पुनःपुन्हा दाखवीत राहिला आणि पडद्याआड यंत्रे वेड्यावाकड्या गतीने फिरवून त्यांची मोडतोड करीत राहिला.

अशा खोट्याला पकडावयाचे कसे? उत्तर आपल्या शेतकऱ्याच्या व्यवहारज्ञानातच आहे. हौदात आलेले पाणी वजा गेलेले पाणी म्हणजे उरलेले पाणी. हा हिशेब कोणत्याही चोराला मोडता येत नाही. पंप चालू आहे, विजेचा प्रवाह तो ओढतो आहे, झडप उघडी आहे, आणि तरीही टाकीची पातळी तसूभर हलत नाही असे पडदा सांगू लागला, तर एक तर नळी फुटली आहे किंवा पडदा खोटे बोलतो आहे. पन्नास संवेदक परस्परांच्या साक्षी कशा पडताळतात, हे यंत्राकडून शिकवून घेणे, आणि साक्षी जुळेनाशा झाल्या की इशारा देणे, असे या संशोधनाचे सार थोडक्यात सांगता येईल. परंतु साक्ष खोटी कशी असते हे शिकण्यासाठी खोट्या साक्षींचे नमुने लागतात. खरे हल्ले सुदैवाने विरळा होतात, आणि झाले तरी ज्यांच्यावर झाले ती मंडळी नोंदी कोणास दाखवीत नाहीत. म्हणून नमुने मुद्दाम तयार करावे लागतात.

सिंगापूरच्या तंत्रविज्ञान व अभिकल्प विद्यापीठाने यासाठी २०१५ मध्ये सहा टप्प्यांचे एक छोटेसे जलशुद्धीकरण केंद्र उभारले. मिनिटाला सुमारे पाच गॅलन पाणी शुद्ध करणारे हे केंद्र संशोधकांनी सलग अकरा दिवस चालविले; पहिले सात दिवस निर्वेध आणि उरलेले चार दिवस मधूनमधून हल्ले करीत. एकूण ३६ हल्ले केले, ५१ संवेदक व चालक यंत्रांची सेकंदा-सेकंदाची नोंद घेतली, आणि ती मागेल त्या अभ्यासकास उपलब्ध करून दिली. आज जगभरात या विषयावर जे निबंध लिहिले जातात, त्यांतील फार मोठा भाग याच अकरा दिवसांच्या नोंदींवर उभा आहे. त्याआधी, २००७ मध्ये, अमेरिकेच्या आयडाहो येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने याहून धीट प्रयोग केला होता. सव्वादोन मेगावॅटचे एक डिझेल जनित्र केवळ दूरवरून दिलेल्या आज्ञांनी, त्याचा जोड चुकीच्या क्षणी तोडून-जोडून, काही मिनिटांत निकामी करून दाखविण्यात आले. संगणकातील अक्षरे पोलादाचा चुराडा करू शकत नाहीत, असे मानणाऱ्यांचे तोंड त्या दिवशी बंद झाले. आपल्या देशातही कानपूरच्या आयआयटीमध्ये वीज व पाणी यांच्या नियंत्रणव्यवस्थांचे असे नमुने उभे राहिले असून केंद्र सरकारने २०१८ मध्ये मंजूर केलेल्या ३,६६० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय मोहिमेतून त्या कार्यास बळ मिळाले आहे. आरंभ झाला आहे, यात शंका नाही. प्रश्न तो आपल्या दारापर्यंत पोहोचण्याचा आहे.

येथे कोणी विचारील की, मुंबई, सिंगापूर आणि आयडाहो यांच्या गोष्टी बुलढाणा जिल्ह्याच्या वाचकास कशासाठी? या जिल्ह्याची पाण्याची कहाणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा प्रश्न पडणार नाही. पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा, म्हणजे संग्रामपूर, जळगाव जामोद आणि शेगाव तालुक्यांतील गावे, विहिरीच्या पाण्यावर तहान भागवू शकत नाही; त्या खाऱ्या पाण्याशी तेथील मूत्रपिंडाच्या विकाराचे नाव वर्षानुवर्षे जोडले गेले आहे. वाण धरणातून निघणारी १४० गावांची पाणीपुरवठा योजना या भागाला गोड्या पाण्याचा आधार देते. मुंबईकराची वीज गेली तर तो जनित्र लावील. ज्या गावाची विहीर खारी आहे त्याच्या नळाला पाणी आले नाही, अथवा आले ते नीट शुद्ध होऊन आले नाही, तर त्या गावाने जावे कोठे? जिगाव प्रकल्प पूर्णत्वास जाईल तेव्हा उपसा सिंचनाच्या पंपगृहांवर शेतकऱ्याचे पीक अवलंबून राहील. आज यांतील किती कामे माणसाच्या हाताने चालतात आणि किती यंत्राच्या, हा तपशिलाचा भाग झाला. ओघ कोणत्या दिशेचा आहे हे मात्र स्पष्ट आहे. बुलढाणा शहराला पाणी पुरविणाऱ्या येळगाव धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्याच दाबाने उघडतात. त्यांना आज्ञा देणारी तार नाही, म्हणून ती तार पळविणाराही नाही. यापुढे जी कामे होतील ती तशी असणार नाहीत. ती मोबाइलवर दिसतील, दूरवरून हाताळली जातील, आणि म्हणूनच दुसऱ्या कोणाकडूनही हाताळली जाऊ शकतील.

पाण्याच्या बाबतीत ही भीती काल्पनिक नाही. ऑस्ट्रेलियात २००० साली एका ठेकेदार कंपनीतून बाहेर पडलेल्या इसमाने रेडिओ-संदेशांद्वारे मरूची परगण्याच्या सांडपाणी पंपांचा ताबा घेतला आणि सुमारे आठ लाख लिटर मैला ओढ्यांत व उद्यानांत सोडला. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, आरंभी कित्येक दिवस तेथील अभियंते तो नव्या यंत्रणेतील बिघाडच समजत होते. अमेरिकेत ओल्ड्समार या गावी फेब्रुवारी २०२१ मध्ये पाण्यात सोडावयाच्या कॉस्टिक सोड्याचे प्रमाण दशलक्षात १०० भागांवरून ११,१०० भागांवर नेले गेले; पडद्यासमोर बसलेल्या ऑपरेटरने ते पाहिले आणि तत्काळ मागे घेतले म्हणून अनर्थ टळला. जगभर या हल्ल्याचा बोभाटा झाला, आणि २०२३ मध्ये त्या गावाच्या तत्कालीन व्यवस्थापकांनीच सांगितले की, तो हल्ला नसून कर्मचाऱ्याच्या हातून झालेला प्रमाद असावा. मरूचीत हल्ल्याला बिघाड म्हटले गेले, ओल्ड्समारमध्ये चुकीला हल्ला म्हटले गेले, आणि मुंबईत दोन्ही म्हटले गेले. मूळ दुखणे एकच आहे.

तथापि ही विद्या आयती आणून लावता येईल असे समजणे भाबडेपणाचे होईल. सिंगापुरातील त्या केंद्राची वीज जात नाही, तेथे येणाऱ्या पाण्याचा गढूळपणा पहिल्या पावसाच्या लोंढ्याने एका रात्रीत अनेक पटींनी वाढत नाही, आणि तेथील पंप ऑपरेटरला भारनियमनाचे वेळापत्रक पाहून हाताने चालू-बंद करावा लागत नाही. तेथे जे वावगे ठरेल, ते आपल्याकडे मंगळवारचे नित्यकर्म असेल. सुरळीतपणाची एकच कल्पना असलेले यंत्र आपल्या केंद्रात आणून बसविले तर ते दिवसभर बोंब मारीत राहील. साधा हिशेब करून पाहावा. ५१ ठिकाणांहून सेकंदाला एक याप्रमाणे दिवसाला ४४ लाखांहून अधिक वाचने येतात. एक लाख वाचनांत केवळ एक इशारा खोटा निघाला असे धरले, तरी दिवसाला ४४ खोटे इशारे होतात. रात्रपाळीचा एकटा ऑपरेटर आठवडाभर ते ऐकेल आणि आठव्या दिवशी घंटेची तार काढून ठेवील. लांडगा आला रे आला ही गोष्ट शाळेत शिकलेल्या कोणालाही हे समजावून सांगण्याची गरज नाही.

संशोधकांच्या घरातही सर्व आलबेल आहे असे नाही. एकाच नोंदसंग्रहावर शेकडो पद्धती पारखल्या जातात, जो तो आपली पद्धत आधीच्यापेक्षा सरस असल्याचे आकडे देतो. आणि गुण देण्याची जी रूढ रीत पडली आहे तिच्यात केवळ अंदाजपंचे उत्तर देणारा प्रोग्रॅमही उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतो, हे अलीकडे काही अभ्यासकांनीच दाखवून दिले आहे. हल्ला तासभर चालला आणि त्यातील एक क्षण जरी योगायोगाने पकडला, तरी सबंध तास पकडला असे मानण्याची ती रीत आहे. वर्षानुवर्षे एकच प्रश्नपत्रिका काढली आणि एका ओळीच्या उत्तराला पूर्ण गुण दिले, तर निकाल शंभर टक्के लागतो. विद्यार्थी शहाणा होत नाही, हे कोणीही शिक्षक सांगेल. म्हणून निरनिराळ्या हवामानांत, निरनिराळ्या केंद्रांवर, निरनिराळ्या हातांनी तयार झालेले नमुने हवेत, आणि त्यांत आपले नमुने असलेच पाहिजेत.

आमच्या जिल्ह्यात ‘मांडणी’ हा शब्द उच्चारला की भेंडवळचे नाव आठवते. जळगाव जामोद तालुक्यातील या गावी अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घट मांडून भोवती धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या पहाटे त्यांतील काय जागेवर राहिले, काय हलले, यावरून वर्षाचे भाकीत सांगतात. त्या भाकितावर किती विश्वास ठेवावा हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. परंतु मोठ्या जगाची लहान मांडणी करावी आणि रात्रीतून तीत काय हलले ते बारकाईने पाहावे, ही दृष्टी या मातीला परकी नाही, एवढे म्हणावयास हरकत नसावी. प्रयोगशाळेच्या मांडणीत भर पडते ती एवढीच की, तेथे तोच प्रश्न शंभर वेळा विचारतात आणि चुकलेली उत्तरे मोजून ती जाहीर करतात.

अशी मांडणी या जिल्ह्यात का होऊ नये? शेगाव येथे १९८३ पासून श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अमरावती विद्यापीठ आहे. पाण्याच्या योजना बांधण्याचा दीर्घ अनुभव असलेले महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आहे. एका लहान शुद्धीकरण केंद्राची प्रतिकृती उभारणे हे या तिघांच्या एकत्रित शक्तीबाहेरचे काम नव्हे. प्राधिकरणाने वापरातून काढलेले पंप व झडपा द्याव्यात, महाविद्यालयाने जागा व विद्यार्थी द्यावेत, आणि विद्यापीठाने त्या संशोधनाला पदवीची प्रतिष्ठा द्यावी. सर्वप्रथम उन्हाळा, पावसाळा व हिवाळा असे पूर्ण एक वर्ष निव्वळ सुरळीत व्यवहाराची नोंद व्हावी. वीज केव्हा गेली, पाणी केव्हा गढूळ आले, पंप हाताने केव्हा फिरविला, हे ऑपरेटरने आपल्या वहीत लिहावे आणि ती वही संवेदकांच्या नोंदीइतकीच मोलाची मानावी. त्यानंतर हल्ल्यांचा सराव सुरू व्हावा. हे झाल्यास खारपाणपट्ट्यातील पाण्याला त्याचा उपयोग होईलच, आणि वीज वारंवार जाणाऱ्या जगातील सर्वच देशांना सिंगापूर देऊ शकत नाही अशी विद्या शेगाव देऊ शकेल.

दोन आक्षेपांचा विचार केल्यावाचून हे लिखाण पुरे होणार नाही. पहिला आक्षेप असा की, हल्ले कसे करावेत हे शिकविणे म्हणजे चोरांची शाळा काढणे होय. या भीतीत तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. म्हणूनच सराव बंदिस्त मांडणीवरच व्हावा, तिचा तारेने वा बिनतारी चालू योजनेशी काडीमात्र संबंध नसावा, आणि प्रत्येक प्रयोगास आगाऊ लेखी परवानगी असावी. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून शिरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमान्वये भरपाई द्यावी लागते, लबाडीने शिरल्यास ६६ व्या कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कारावास होतो, आणि सरकारने संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या व्यवस्थेच्या बाबतीत ७० व्या कलमान्वये तो दहा वर्षांपर्यंत जाऊ शकतो. उत्साही विद्यार्थ्याला ही मर्यादा पहिल्याच दिवशी समजावून दिली पाहिजे. परंतु चोराला आपल्या शाळेची गरज कधीच नव्हती. तो शिकूनच येतो. शाळेची गरज पहारेकऱ्याला आहे.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. आपल्या उणिवा चव्हाट्यावर कशाला मांडाव्यात, असे अधिकारीवर्गास वाटते. ऑक्टोबर २०१९ मध्ये कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या संगणकाविषयी बोलवा उठली तेव्हा प्रथम सर्व काही नाकारले गेले आणि दुसऱ्याच दिवशी प्रशासकीय कामाच्या एका संगणकात बदमाश प्रोग्रॅम आढळल्याचे अणुवीज महामंडळाला मान्य करावे लागले; प्रत्यक्ष केंद्राच्या नियंत्रणाला त्याचा स्पर्श झाला नव्हता. हेच पहिल्या दिवशी सांगितले असते तर लोकांची काळजी वाढण्याऐवजी कमी झाली असती. एखाद्या ठिकाणच्या कुलपाचा नंबर गुप्त ठेवावा. कुलपे कशी फुटतात ही विद्या गुप्त ठेवून भागत नाही. वीजक्षेत्रासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. गावोगावच्या पाणीयोजनांना तशीच शिस्त लावावयाची असेल तर नियमांच्या पाठीशी अनुभवाचे बळ लागेल.

आणि अखेरीस माणसाविषयी. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये तीन वीज कंपन्यांवर हल्ला होऊन सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता आणि एकेक उपकेंद्र बंद पाडीत होता. तरीही काही तासांतच वीज परत आली. कारण तेथील कामगार गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हातांनी खटके ओढले. ती हाताची विद्या त्यांच्यापाशी शिल्लक होती. आपल्याकडे यंत्र आले की ज्याला झडपेच्या आवाजावरून बिघाड कळतो तो जुना माणूस प्रथम घरी पाठविला जातो, आणि त्याच्या जागी ठेक्यावर आणलेल्या तरुणाला पडद्याकडे पाहण्यापलीकडे काही शिकविले जात नाही. वावगे ओळखणारे यंत्र अवश्य यावे; परंतु त्याचा इशारा ऐकून धावत जाणारा आणि हाताने पाणी सुरू ठेवू शकणारा माणूस तेथे हवा, आणि लुटुपुटीच्या लढाईत त्याचाही सराव झाला पाहिजे.

वाणच्या नळावर हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला यांतले काहीही ठाऊक असण्याचे कारण नाही. पाणी वेळेवर यावे आणि ते पिण्याजोगे असावे, एवढेच तिचे मागणे आहे. ते मागणे पुरविण्याचे काम जर आपण यंत्रांवर सोपविणार असू, तर त्या यंत्रांनी दगा दिला की त्यांच्याकडून कोणी दगा करविला, हे त्याच दिवशी सांगता येईल अशी तयारी करणे हे सरकारचे, प्राधिकरणाचे आणि विद्यापीठाचे कर्तव्य आहे. मुंबईच्या अंधाराचा निर्णय मागाहूनही लागू शकला नाही. शेगावच्या मांडणीचा निर्णय मात्र आज घेता येण्यासारखा आहे, आणि तो घेतला जावा अशी आमची आग्रहाची मागणी आहे.